चौदाव्या चालीचा ठराव

"चौदावी चाल. सूचना मांडा," नाना म्हणाले.

रुकडीकर वकिलांनी चष्मा पुसला, उभे राहिले आणि कोर्टात बोलावं तसं म्हणाले, "मी अशी सूचना मांडतो की आपला घोडा जी-५ या घरात न्यावा."

मी इतिवृत्ताच्या वहीत लिहून घेतलं. मूळ सूचना, घोडा जी-५, सूचक श्री. रुकडीकर.

"उपसूचना हाय माझी," इस्माईल मुजावर खाली बसूनच म्हणाले. त्यांच्या हातात कुणाचं तरी घड्याळ उघडं होतं. "घोडा जाऊ दे, पण ई-५ ला जाऊ दे. जी-५ ला गेला तर प्याद्यानं हुसकून लावतील की ओ त्याला."

यावर सव्वा तास चर्चा झाली. उपसूचना मताला टाकली. नानांचं मत मुजावरांना पडलं आणि घोडा ई-५ ला जायचा ठराव दोन विरुद्ध एक मतांनी मंजूर झाला. वकिलांनी आपला विरोध नोंदवून घ्यायला लावला. मी तोही नोंदवला आणि कार्ड लिहायला घरी गेलो.

ही गोष्ट १९८५ सालची. कुरुंदवाडच्या आमच्या बुद्धिबळ मंडळात मतदानाचा हक्क असलेले सभासद तीन होते, आणि चिटणीस मी, बाहुबली बिरनाळे, वय चोवीस, ज्याला मत नव्हतं. मी रुकडीकर वकिलांचा कारकून. बुद्धिबळ मला जेमतेम येत होतं, पण अक्षर मोत्यासारखं होतं आणि मंडळाला अक्षराचीच गरज होती. कारण आमचा डाव चालला होता पोस्टकार्डावर, आजऱ्याच्या मंडळाशी. आम्ही एक चाल लिहून पाठवायची, त्यांनी एक उलट पाठवायची. पोस्टाचा शिक्का बसला की चाल झाली, मग माघार नाही. हा नियम आजऱ्याच्या अध्यक्षांनी घातला होता. ते निवृत्त पोस्टमास्तर होते, वामनराव केसरकर.

आमचे अध्यक्ष नाना गोटखिंडीकर. आयुष्यभर मोजणी खात्यात सर्व्हेअर. या डावाची कल्पना त्यांचीच, आणि डावाची प्रत्येक चाल ते स्वतःच्या वेगळ्या वहीत उतरवून ठेवत. बुद्धिबळाचा एक तरी डाव पहिल्यापासून शेवटपर्यंत बिनचूक खेळता येतो का, हे त्यांना बघायचं होतं. घाई नाही, घड्याळ नाही, प्रत्येक चालीला महिनाभर विचार. एकट्या माणसाची नजर चुकते म्हणून तिघांनी विचार करायचा आणि ठराव करायचा.

"पण तो बिनचूक होता हे ठरवणार कोण?" वकिलांनी पहिल्याच बैठकीत विचारलं होतं.

"सोपं आहे," नाना म्हणाले. "कुणीच चुकलं नाही तर कुणीच हरणार नाही. डाव बरोबरीत सुटला, की तो बिनचूक."

"दोघंबी सारखंच चुकलं तरी बरोबरीच की," मुजावर घड्याळातून मान वर न काढता म्हणाले. ते बोलणं तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. बैठका मुजावरांच्याच दुकानामागच्या खोलीत व्हायच्या, जिथे भिंतीवरची अठरा घड्याळं अठरा वेळा दाखवायची.

बिनचूकपणाचं हे वेड नानांना कुठून लागलं, ते मला एकट्याला माहीत होतं. एकदा त्यांना घरी सोडायला गेलो होतो. डॉक्टरांनी त्यांना जिने चढायला बंदी केली होती, छातीचं दुखणं होतं. ओट्यावर टेकले आणि आपणहून बोलायला लागले.

"चौतीस वर्षं मोजण्या केल्या मी, बाहुबली. एकदाच चुकलो. दोन भावांची वाटणी होती. मोजणीच्या साखळीची एक कडी तुटलेली, ती माझ्या लक्षात आली नाही. बांध हातभर सरकला. मागाहून कळलं, तोवर भिंत उभी राहिली होती. मी बोललो नाही. नोकरी नवी होती." मग म्हणाले, "त्या दोघांनी मरेपर्यंत एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. आता मला एक गोष्ट बिनचूक करून जायचीय. कुठली का असेना. हा डाव तर हा डाव."

त्यानंतर मी कार्ड लिहिताना प्रत्येक अक्षर दोनदा वाचायचो.

चौदाव्या चालीला उत्तर आलं तेरा दिवसांनी. "प्यादे एच-६." मी शनिवारी बैठकीत वाचून दाखवलं. नानांनी पटावर प्यादं सरकवलं.

"याचा अर्थ काय?" वकील म्हणाले.

कुणालाच कळेना. आमचा घोडा पटाच्या मध्यावर राजासारखा उभा, आणि आजऱ्यानं कोपऱ्यातलं एक प्यादं निष्कारण एक घर पुढे टाकलेलं. पण आजरेकर निष्कारण काही करणाऱ्यातले नव्हते. तेरा चाली त्यांनी चोख खेळल्या होत्या. पहिला शनिवार गेला, दुसरा गेला. वकिलांनी त्या प्याद्यावर टिपणांची चार पानं भरली. तिसऱ्या शनिवारी मुजावरांनी घड्याळ खाली ठेवलं, ही फार मोठी गोष्ट होती.

"बघा की. घोडा जी-५ ला असता तर ह्या चालीला अर्थ होता. प्यादं थेट त्येच्या अंगावर आलं असतं. ई-५ च्या घोड्याला हे कुठं नडतंय?"



घरी जाऊन मी जावक कागदांची फाइल काढली. पाठवलेल्या प्रत्येक कार्डाची नक्कल मी ठेवत असे. चौदावं कार्ड. माझंच मोत्यासारखं अक्षर. "घोडा जी-५."

मी उपसूचना सोडून मूळ सूचना उतरवली होती. आणि का, तेही मला तिथल्या तिथे कळलं. चार वर्षं रोज मी एकच काम करत होतो. वकीलसाहेब बोलणार आणि मी ते शुद्ध अक्षरात लिहिणार. साहेब म्हणाले जी-५, हाताने लिहिलं जी-५. साहेब ठराव हरले होते, ही बातमी हातापर्यंत पोचलीच नव्हती.

सरळ माणसानं दुसऱ्या दिवशी नानांपुढे जाऊन पाय धरले असते. मी निघालो होतो. ओट्यापर्यंत गेलो. नाना पट मांडून बसले होते आणि त्या एच-६ च्या प्याद्याकडे इतक्या आदराने पाहत होते की मला तोंड उघडवेना.

"केसरकर मोठा माणूस आहे रे," ते म्हणाले. "इतकं खोल आपल्याला सुचलंच नसतं. चौदा चाली झाल्या, दोन्हीकडून एक चूक नाही. छातीत दुखायचं थांबलंय माझं."

मी परत आलो, ट्रंकेतून लहानपणीचा पट काढला आणि आजऱ्यात जसा डाव दिसत असेल तसा मांडला. घोडा जी-५ ला, त्याच्या अंगावर प्यादं. मग मी घोडा मागे घेतला आणि कार्ड पाठवलं. मंडळानं ठराव केला होता हत्ती सरकवायचा. तो ठराव वहीत राहिला.

तिथून पुढे दोन डाव सुरू झाले. आजरेकर एका डावात कुरुंदवाडशी खेळत होते, म्हणजे माझ्याशी. कुरुंदवाडकर दुसऱ्या डावात आजऱ्याशी खेळत होते, म्हणजे तेही माझ्याशीच. आजऱ्याहून आलेलं कार्ड मी खिशात घालायचो आणि बैठकीत मला सुचेल ती आजऱ्याची चाल वाचायचो. मंडळाचा ठराव वहीत लिहायचो आणि मला सुचेल ती कुरुंदवाडची चाल पोस्टात टाकायचो. सकाळी कोर्टात जाण्याआधी मी दोन पट घेऊन बसायचो. एकदा आईनं मला दोन्ही पटांवर हात जोडून बसलेलं पाहिलं आणि मंदिरात अभिषेक सांगितला.

माझी कुवत पाहता दोन्हीकडे पाच-सहा चालींत निकाल लागायला हवा होता. तशी मी मनाची तयारीही केली होती. पण घडलं भलतंच. माझ्या प्रत्येक गाढवपणात त्या शहाण्या माणसांना खोली दिसू लागली. आजऱ्याच्या नावानं मी एकदा वजीर उगाच कोपऱ्यात नेऊन ठेवला, कारण त्या दिवशी मला ताप होता. मंडळानं त्या वजिराला पाच शनिवार दिले. मुजावर म्हणाले, "मारायला जाऊ नका. सापळा हाय." वकील म्हणाले, "उघडउघड सापळा आहे." नानांनी दुसरीच चाल ठरवली आणि वजीर वाचला. तिकडे आजऱ्यातही हेच चाललं असणार. मी फुकट देऊ केलेला हत्ती त्यांनी दोन महिने घेतला नाही. तोवर मी तो बाजूला केला.

कुणी चुकतच नाही असं एकदा मानलं, की मग कुणाची चूक सापडतच नाही, हे मी त्या काळात शिकलो.

सव्वा वर्ष हे चाललं. माझं वजन सात किलोनं उतरलं. एकतिसाव्या चालीला माझ्या अंगात त्राण उरलं नाही. त्याच आठवड्यात मी आजऱ्याला लिहिलं, "आमचे मंडळ बरोबरीचा प्रस्ताव ठेवीत आहे." आणि बैठकीत वाचलं, "आजऱ्याचे मंडळ बरोबरीचा प्रस्ताव ठेवीत आहे."

दोन्हीकडे एकमतानं मंजूर झाला. वकीलसुद्धा विरोध नोंदवायचं विसरले. नाना उठून उभे राहिले. त्यांनी पटाला हात लावून नमस्कार केला. मला वाटलं, झालं, सुटलो.

आठ दिवसांनी वामनरावांचं पाकीट आलं. कार्ड नव्हे, पाकीट, आणि माझ्याकडे नव्हे, थेट नानांच्या घरी. हा बिनचूक डाव आजऱ्याच्या वाचनालयात लोकांपुढे मांडून दाखवायचा असं त्यांच्या मंडळानं ठरवलं होतं. नानासाहेबांनी पांढरी बाजू मांडावी, आपण काळी मांडू. दोघांनीही वहीत न बघता, मुखोद्गत.

"जायचं," नाना म्हणाले. डॉक्टर नको म्हणाले, नाना जायचं म्हणाले. मुजावरांच्या घरी लग्न होतं आणि वकिलांची तारीख होती, म्हणून नानांबरोबर गेलो मी एकटा. हातात आमच्या शेजारच्या वाडीच्या बासुंदीचा डबा होता. तो मी वाटेत तीन वेळा सांडता सांडता वाचवला. एसटीत मी देवाकडे पंक्चर मागत होतो.

वाचनालयात साठेक माणसं होती. वामनराव दारातच उभे होते. बारीक अंगाचे, टोपी, कोट, पंचाहत्तरीचे. दोघा म्हाताऱ्यांची ही पहिलीच भेट. दोघंही एकमेकांना आधी आत जायचा आग्रह करत उंबऱ्यावर पाच मिनिटं उभे राहिले.

तेरा चाली भराभर झाल्या. लोक टाळ्या वाजवत होते. मी खुर्चीच्या कडेवर बसून सरळ दाराबाहेरचा रस्ता बघत होतो. मग नानांनी घोडा उचलला आणि ई-५ ला ठेवला.

वामनरावांचा हात अर्ध्यावर थांबला. त्यांनी घोड्याकडे पाहिलं, मग नानांकडे.

"जी-पाच ना, नानासाहेब?" ते अगदी हळू म्हणाले.

"ई-पाच," नाना म्हणाले.

वामनरावांनी नानांच्या चेहऱ्याकडे क्षणभर पाहिलं. गोरा, दमलेला, घामेजलेला चेहरा. मग ते झटकन म्हणाले, "हो, हो. ई-पाचच. माझंच चुकलं." आणि त्यांनी एच-६ ला प्यादं टाकून नसलेल्या घोड्याला हुसकून लावलं.

पुढच्या चालीपासून पटावर तिसराच डाव सुरू झाला. नाना आपल्या वहीतल्या चाली करत होते, वामनराव आपल्या वहीतल्या. एकाच्या चालीचा दुसऱ्याच्या चालीशी काडीचा संबंध नव्हता. पण थांबलं कुणीच नाही. एकानं काही विचित्र केलं की दुसरा मान खाली घालून टोपी सारखी करायचा नाहीतर उपरणं झटकायचा. आजऱ्याचे सभासद एकमेकांकडे पाहू लागले होते, पण खुद्द अध्यक्ष खेळताहेत म्हटल्यावर बोलणार कोण?

बाविसाव्या चालीला वामनरावांनी घोडा उचलून डी-३ घरात ठेवला आणि सवयीनं म्हणाले, "उंट मारला." त्या घरात उंट नव्हता. उंट दोन घरं पलीकडे उभा होता. वामनरावांची बोटं रिकाम्या घरावर आली, तिथे काहीच लागेना. तेव्हा नानांनी, काही झालंच नाही असं दाखवत, आपला उंट जिथे होता तिथून उचलला आणि वामनरावांच्या तळहातावर ठेवला.

"मारलात," नाना म्हणाले. "सुंदर चाल."

एकतिसाव्या चालीनंतर दोघांनी हात मिळवले तेव्हा पटावर नानांचा राजा दोन बाजूंनी शहात उभा होता आणि वामनरावांचा वजीर केव्हाचा फुकट पडला होता. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. वामनरावांनी नानांना शाल दिली आणि मला घनसाळ तांदळाची पिशवी.

परतताना गडहिंग्लज स्टँडवर गाडी अर्धा तास थांबली. मी चहा आणला. आता सांगायचं असं मी ठरवलं होतं. तोंड उघडलंही.

"नाना, ती चौदावी चाल..."

"कळलं ना तुलाही?" नाना म्हणाले. "कुणाला बोलू नकोस. बिचाऱ्याची स्मरणशक्ती गेलीय रे पार. अशा माणसाची अशी दशा व्हावी." त्यांचे डोळे भरले होते. "वही काढ माझी. आणि पेन दे."

नानांच्या वहीत तोवर एक खाडाखोड नव्हती. त्यांनी चौदाव्या चालीवर आडवी रेघ ओढली, वर लिहिलं, जी-५. मग पुढच्या चाली. वामनरावांनी जे जे केलं होतं ते सगळं त्यांना पाठ झालेलं होतं. स्वतःच्या चाली त्यांनी त्याला बेतून बदलल्या.

"नाना, हे काय करताय? बिनचूक वही आहे ही!"

"उद्या कुणी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या, तर त्या माणसाचं हसं होईल. पोस्टमास्तर होता तो, त्याची चूक निघता कामा नये." खात्यातल्या रिवाजाप्रमाणे खाडाखोडीशेजारी शेरा लागतो. तो त्यांनी लिहिला, "नोंद चुकली. चूक माझी. गोटखिंडीकर." मग पेनाला टोपण लावून म्हणाले, "मागच्या खेपेला बोललो नाही मी. या खेपेला तरी माझ्या नावावर राहू दे."

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. मला रडू येत होतं आणि माझ्या हातात चहाचे दोन पेले होते. मी म्हटलं, "चहा गार होतोय, नाना." आजही त्या स्टँडवरून जाताना मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

तीन महिन्यांनी नाना गेले. झोपेतच गेले. वही त्यांनी माझ्या नावे ठेवली होती.

मी आजऱ्याला कळवलं. उत्तरादाखल वामनरावांचं कार्ड आलं, माझ्या एकट्याच्या नावाने. अजून आहे माझ्याकडे.

"चि. बाहुबली यांस आशीर्वाद. नानासाहेब गेल्याचे वाचून फार वाईट वाटले. आता एक गोष्ट कळवण्यास हरकत नाही. येथे आले तेव्हा त्यांची स्मृती पूर्णच ढळलेली दिसली. इतक्या मोठ्या माणसाचा बोल खोटा पडू नये म्हणून त्याच दिवशी मी आमच्या वहीत दुरुस्ती करून चौदावी चाल घोडा ई-५ अशी केली व पुढील चाली त्यांनी पटावर मांडल्या तशा लिहिल्या. शेजारी, नोंद माझ्या हातून चुकली, असा शेरा मारून सही केली आहे. आता दोन्ही दप्तरे तंतोतंत जुळतील. तुम्ही कोठे बोलू नये."

मी कार्ड बाजूला ठेवलं आणि नानांची वही उघडली. त्यांच्या वहीत आता आजऱ्याचा डाव होता. आजऱ्याच्या वहीत आमचा. आणि दोन्हीकडे चूक मान्य करून सही केलेली होती, तीही अशा दोन माणसांनी ज्यांच्या हातून त्या डावात काहीच चुकलं नव्हतं.

माझं नाव त्या वहीत कुठे येतं का, ते मी शोधलं. एकदाच येतं. शेवटच्या पानावर, बरोबरी झाली त्या शनिवारच्या ठरावात, नानांच्या हातचं:

"चिटणीस श्री. बाहुबली बिरनाळे यांनी संपूर्ण डावाचा पत्रव्यवहार बिनचूक सांभाळल्याबद्दल मंडळ त्यांचे सर्वानुमते आभार मानत आहे."